तारीख नागपूरची, घर वसईचे

घटस्फोटाचा अर्ज कोणत्या गावच्या न्यायालयात करावयाचा, हा प्रश्न वरकरणी निव्वळ कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत दावा लढवावयाचा की सोडून द्यावयाचा, हे तेथेच ठरून जाते.

विवाह नागपुरात झाला, संसारही तेथेच मोडला आणि पत्नी वसईला माहेरी परतली, असे समजा. प्रत्येक तारखेला रात्रभराचा रेल्वेप्रवास, दोन-तीन दिवसांचा बुडालेला रोज, सोबत येणाऱ्या भावाची रजा, लहान मूल कोणापाशी ठेवावे ही विवंचना; आणि एवढे करून हाती पडते ती बहुधा पुढची तारीख. पतीला मात्र रिक्षाचे भाडे पुरते. कायद्याचा खर्च असा एकाच पक्षाच्या माथी बसतो.

ही विषमता संसदेने ओळखली. २००३च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अर्जदार पत्नीला ती स्वतः राहते तेथील न्यायालय खुले झाले. परंतु ही स्त्री ख्रिस्ती असेल तर? तिला लागू होणाऱ्या १८६९च्या घटस्फोट कायद्याची २००१ मध्ये डागडुजी झाली, विवाहस्थळाची भर पडली; पत्नीच्या निवासस्थानाला मात्र त्यात आजही जागा नाही. गंमत अशी (तिला गंमत म्हणावयाचे तर) की २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्यान्वये हीच स्त्री वसईत दाद मागू शकते, तेथील तिचा निवास तात्पुरता असला तरीही. मारहाणीची तक्रार वसईत, घटस्फोटाचा अर्ज नागपुरात!

सवलत दिली की सोयीचे न्यायालय शोधत फिरण्याची वृत्ती बळावेल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. तिरुपतीला विवाह झालेल्या एका पतीने अमेरिकेतील मिसूरी राज्यात नव्वद दिवसांचा निवास दाखवून घटस्फोट मिळविला होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूमनामा अमान्य केला. घटस्फोटापुरता केलेला मुक्काम म्हणजे निवास नव्हे, असे बजावले. खरे घर आणि दाखविण्यापुरते घर यांतील भेद न्यायालयांना कळतो. माहेरी परतलेल्या स्त्रीला तर दुसरे घरच उरलेले नसते.

हिंदू विवाह कायद्यात घातलेले ते एक उपकलम १८६९च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात घालावयाचे आहे. त्यासाठी नवी समिती नको, नवा अहवालही नको.