वाक्य उसनं, आठवण दोघांची

मैत्रिणींनो, सिनेमातला संवाद गाण्यात शिरला की कसा नवा होतो पाहा! बर्टी हिगिन्स या अमेरिकन गायकाचं १९८१ चं ‘की लार्गो’ हे गाणं. नाव हम्फ्री बोगार्ट-लॉरेन बाकॉल यांच्या १९४८ च्या चित्रपटाचं; पण त्यात गुंफलेला प्रसिद्ध संवाद १९४२ च्या ‘कॅसाब्लांका’तला. तिथं बोगार्ट तो म्हणतो इन्ग्रिड बर्गमनला, विमानतळावर निरोप घेताना! तरी गाणं गाजलं. कारण गाणारा दुरावलेल्या सखीला दोघांनी मिळून पाहिलेल्या जुन्या चित्रपटांची आठवण देतो.

आपल्या घरीही अबोला लांबला की स्वतःचे शब्द सुचत नाहीत. तेव्हा दोघांनी जोडीनं पाहिलेल्या सिनेमातलं एखादं वाक्य चहाबरोबर पुढं करा. वाक्य उसनं चालतं. आठवण मात्र दोघांची हवी. तेवढ्यासाठी अधूनमधून एखादा सिनेमा जोडीनं बघाच!