दर्शनी भिंत: कोनाड्यापासून पडद्यापर्यंत

जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता या बाजूंना गेल्या काही वर्षांत जी नवी घरे उभी राहिली, त्यांतल्या बैठकीच्या खोलीची आखणी बहुधा एकाच भिंतीपासून सुरू होते. घराचा ताबा मिळाला, सुतार आला, की पहिला प्रश्न ठरलेला: टीव्हीची भिंत कोणती? मग प्लायवूडच्या चौकटीवर उभ्या पट्ट्यांचे पॅनेल, संगमरवराचा भास निर्माण करणारी चकचकीत शीट, कडांना लपवलेल्या दिव्यांच्या पट्ट्या, खाली जमिनीला न टेकणारे लांबट कपाट, असा सारा पसारा चौरस फुटाच्या दराने ठरतो. सोफा कुठे, खिडकीपाशी कोण बसणार, देवघर कोणत्या कोपऱ्यात, हे प्रश्न त्यानंतरचे. पुस्तकांच्या कपाटाचा प्रश्न तर पुष्कळदा निघतच नाही.

या भिंतीची थट्टा करणे सोपे आहे. दूरचित्रवाणीची निर्भर्त्सना हा आपल्याकडील ललितलेखनाचा एक घासून गुळगुळीत झालेला विषय आहे, आणि ती करणाऱ्यांच्या घरीही संच असतोच. मला त्या वाटेने जायचे नाही. घरातला सर्वांत मोठा दर्शनी पृष्ठभाग कोणाच्या स्वाधीन करायचा, हा निर्णय कुटुंबाच्या जगण्याच्या रीतीविषयीचा निर्णय आहे, आणि तो सुताराच्या मोबाइलमधली चार चित्रे पाहून अर्ध्या तासात उरकला जातो, एवढीच माझी तक्रार आहे. भिंत जरूर बांधावी. मात्र ती संचाच्या मापाने न बांधता घरातल्या माणसांच्या मापाने बांधावी, असे मला सुचवायचे आहे.

भिंतीतच सामान सामावून घेण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सोलापूर जिल्ह्यातली जुनी माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तिथल्या जाडजूड भिंती आठवत असतील. त्या भिंतीत दिव्यासाठी दिवळी असे, किरकोळ वस्तूंसाठी कोनाडा असे, दार लावून घेता येईल असे फडताळ असे, आणि कपडे किंवा घोंगडे अडकवायला लाकडी खुंट्या असत. आज ज्याला ‘बिल्ट-इन’ म्हणून वेगळे दाम मोजले जाते, ते त्या घरात बांधकामाच्या वेळीच घडून जाई, कारण भिंतीची जाडीच ती सोय देत असे. विटांची नऊ इंची आणि त्याहून अधिक साडेचार इंची भिंत आली आणि कोनाडा संपला. साडेचार इंचांत कोरायचे काय? जी भिंत आत जागा देऊ शकत नाही, तिच्या पुढ्यात लाकडाची दुसरी भिंत उभी करणे एवढाच मार्ग उरला. आजचे टीव्ही पॅनेल ही त्या अर्थाने पातळ झालेल्या भिंतीवरची भरपाई आहे.

तरीही कोनाडा आणि पॅनेल यांत एक मूलभूत फरक आहे. कोनाड्यात काय ठेवायचे ते कोनाडा सांगत नसे. सकाळी त्यात दंतमंजन असे, दुपारी किल्ल्या असत, दिवाळीत पणती असे, घरात आजारपण आले की औषधाची बाटली असे. वापराने त्याला अर्थ येई आणि वापर बदलला की अर्थही बदले. पॅनेल मात्र एकाच वस्तूचे आसन म्हणून जन्माला येते. ती वस्तू काढली, तर उरतात चार भोके, एक लोंबती वायर आणि प्रकाशाने उजळलेली रिकामी जागा.

हे काल्पनिक भय नाही. आपण ते एकदा अनुभवले आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास दूरदर्शन रंगीत झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत देशभर लहान प्रक्षेपण केंद्रांचे जाळे पसरले. संच तेव्हा सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत येई. कार्यक्रम संपला की दार ओढून घेतले जाई, वर भरतकामाचे आच्छादन पडे. १९८७च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाल्यावर रविवारी सकाळी त्या पेटीसमोर शेजारपाजार जमे आणि जमिनीवर सतरंजी पसरली जाई. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, संच मोठे झाले, आणि मध्यमवर्गीय घरात भिंतभर ‘शोकेस’ अवतरली. तिच्या मधोमध एक चौकोनी पोकळी असे. एकवीस इंची काचेच्या नळीचा संच दीड फुटाहून अधिक खोल असल्याने पोकळीही तेवढीच खोल लागे, आणि पडद्याचे प्रमाण चारास तीन असल्याने तिचा आकार जवळजवळ चौरस असे. ही कपाटे जन्मभरासाठी केली होती. पुढच्या दीड-दोन दशकांत संच सपाट झाला, पडदा सोळास नऊ या प्रमाणात रुंदावला, आणि ती पोकळी कुणाच्याच उपयोगाची राहिली नाही. अजूनही काही घरांत तीत बाहुल्या, करंडक आणि प्लास्टिकची फुले दिसतात. नवा संच शेजारच्या भिंतीवर टांगलेला असतो.

वस्तूचे आयुष्य आणि भिंतीचे आयुष्य यांची ही विसंगती आज अधिकच तीव्र आहे. लाकूडकाम पंधरा-वीस वर्षांच्या अपेक्षेने केले जाते. संच त्याच्या अर्ध्या काळातही बदलला जाऊ शकतो. त्रेचाळीस इंची पडदा सुमारे तीन फूट रुंद असतो, पंचावन्न इंची चार फूट, पासष्ट इंची पावणेपाच फूट. आजच्या पडद्याभोवती नेमकी चौकट आखणारा सुतार उद्याच्या पडद्याला दार बंद करून जातो.

जपानी कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली लिहिलेला, ‘इन प्रेज ऑफ शॅडोज’ या इंग्रजी नावाने ओळखला जाणारा निबंध या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. सौंदर्यशास्त्रावरचा म्हणून गाजलेला हा निबंध सुरू होतो तो घर बांधणाऱ्या माणसाच्या अगदी व्यावहारिक अडचणीने: विजेच्या तारा, गॅसच्या नळ्या, पाण्याचे नळ जपानी घरात लपवायचे कसे? तानिझाकी तिथे एक मार्मिक गोष्ट नोंदवतात. लपवण्याचा खटाटोप कधी कधी लपवलेल्या वस्तूपेक्षा अधिक डोळ्यांत भरतो. साध्या काचेच्या शेडखालचा उघडा दिवा त्यापेक्षा नैसर्गिक वाटतो. आपल्या नव्या भिंतींविषयी हेच म्हणता येईल. दोन वायरी झाकण्यासाठी आपण शंभर चौरस फूट लाकूड उभे करतो आणि ते लाकूड दिसावे म्हणून त्यावर दिवे सोडतो.

याच निबंधात तोकोनोमाचा, म्हणजे जपानी बैठकीतल्या कोनाड्याचा, विचार आहे. त्यात एक चित्र टांगलेले असते, खाली एखादे फूल. ऋतू बदलला, पाहुणा बदलला की चित्रही बदलते. तोही खोलीचा दर्शनी भागच, पण त्याचे मोठेपण त्याच्या रितेपणात आहे. आपल्या कोनाड्याचे आणि त्याचे हे नाते मला जवळचे वाटते.

वास्तुसजावटीच्या भाषेत या भिंतीला खोलीचा ‘फोकल पॉइंट’ म्हणतात. ‘फोकस’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चूल. युरोपीय घरात माणसे शेकोटीभोवती बसत आणि एकमेकांची तोंडे पाहत. लिन स्पिगेल या अभ्यासिकेने ‘मेक रूम फॉर टीव्ही’ या १९९२च्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत गृहसजावटीच्या नियतकालिकांनी शेकोटीच्या जागी दूरचित्रवाणी कशी बसवली. परंतु शेकोटीभोवती गोल करता येतो, पडद्याभोवती येत नाही. पडदा सर्वांना एका दिशेला वळवतो. आपल्या ओसरीवर किंवा सोप्यात माणसे भिंतीला पाठ टेकून समोरासमोर बसत. बैठक या शब्दातच ते अभिप्रेत आहे. तीन आसनी सोफा भिंतीकडे तोंड करून कायमचा ठेवला, की बैठकीचे प्रेक्षागृह होते, आणि घरी आलेल्या पाहुण्याशी आपण मान वळवून बोलू लागतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. हे सारे प्रश्न ज्यांच्याकडे भिंत आहे त्यांचे. सोलापूर हे गिरणी कामगारांचे, यंत्रमाग कामगारांचे, विडी वळणाऱ्या स्त्रियांचे शहर. शहरालगत कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, तिचे लोकार्पण २००६ साली झाले. तिथेच रे नगरमधील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना देण्यात आली. पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात दुर्बल घटकांसाठीच्या घराची चटई क्षेत्राची मर्यादा तीस चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आत, होती. अशा घरात पाहण्याची, निजण्याची आणि काम करण्याची खोली पुष्कळदा एकच असते. विडी वळणारी स्त्री सुपात पाने घेऊन जमिनीवर बसते. तिची नजर हातावर असते आणि मालिका ती मुख्यतः ऐकते. एकसुरी कामाला दिलेली ती सोबत आहे. तिच्या संचाला कुणी विलासाचे नाव देईल, तर ते अन्यायाचे होईल.

मात्र मला वाटते, नियोजनाचा खरा धडा याच घरात आहे. तिथे भिंतीला एकाच कामात अडकवून ठेवणे परवडत नाही. संचाच्या वर मांडणी असते, बाजूला मुलांची दप्तरे, कडेला खुंटीवर कपडे. ती भिंत राबते. दुसरी गोष्ट उंचीची. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात, जमिनीवर बसलेल्याचे अडीच फुटांवर. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीत असावा हा नियम मान्य केला, तर लगेच प्रश्न येतो: कोणाच्या डोळ्यांच्या? भाजी निवडणारी आजी आणि गृहपाठ करणारे मूल यांना गृहीत धरले, तर पडदा पाच फुटांवर टांगण्याची आजची रीत मोडीत निघते.

माणसांचे माप धरायचे तर अंतराचा हिशोबही सोपा आहे. पडद्याच्या कर्णाच्या सुमारे एक पूर्णांक सहा दशांश पट अंतर सुखकारक मानले जाते. पंचावन्न इंचांसाठी ते सव्वासात ते साडेसात फूट होते. दहा फूट रुंदीच्या खोलीत सोफ्याची खोली वजा जाता एवढेच उरते, म्हणून त्याहून मोठ्या पडद्याचा हट्ट भिंतीसाठी असतो, डोळ्यांसाठी नव्हे. सोलापूरचा उन्हाळाही विसरू नये. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती धग आत पोहोचते संध्याकाळनंतर, नेमकी संच चालू असण्याच्या वेळी. बहुतेक संचांच्या माहितीपुस्तिकेत चाळीस अंशांपर्यंतचेच तापमान योग्य म्हटलेले असते, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये बाहेरचा पारा ती रेषा सहज ओलांडतो. तेव्हा शक्य तर ती भिंत टाळावी, संच बंदिस्त खोबणीत कोंडू नये, आणि खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे न येता बाजूला येईल असे पाहावे. उभ्या पट्ट्यांच्या खाचांत कोरड्या हवेतली धूळ साचते आणि ती रोज पुसणारी व्यक्ती चित्रात कधीच दिसत नाही, हेही लक्षात घ्यावे. भिंतीतून दोन इंची रिकामी नळी वरून खाली सोडली, की आजच्याच नव्हे तर उद्याच्या वायरींचीही सोय होते. त्यासाठी लाकडाची भिंत लागत नाही.

आणखी एक गोष्ट खास सोलापूरची. गुळगुळीत शीट, काच आणि फरशी यांच्या खोलीत आवाज घुमतो, संवाद नीट कळत नाहीत, म्हणून आवाज वाढवला जातो. जाड कापड आवाज शोषून घेते. ज्या शहराच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, जिथे जॅकार्डवर नक्षी विणणारे हात अजून आहेत, तिथल्या घराने समोरच्या भिंतीवर एक भरगच्च चादर टांगावी, आणि संगमरवराचा भास विकत घेऊ नये, यात शहाणपण आहे, अभिमानही आहे. संच बंद असताना पाहायला काहीतरी राहील.

शेवटी, भिंतीचा निदान एक तृतीयांश भाग कोराच सोडावा, असे मला वाटते. त्यावर आज दिनदर्शिका लागेल, उद्या मुलाने काढलेले चित्र, पुढे केव्हातरी घरातल्या वडीलधाऱ्याचे छायाचित्र. घरात काय काय घडणार आहे ते ताबा मिळालेल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसते; त्याला जागा लागणार, एवढे मात्र ठाऊक असते.