नालीतला पाइप बाहेर काढा

पावसाळा लागला की वस्तीत हगवण-उलटी सुरू होते आणि बोट आपल्याकडेच दाखवले जाते, 'हे लोक घाण राहतात.' आम्ही दवाखान्यात सलाइन लावता लावता वेगळेच शिकलो.

नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढतो. पाइप नालीतून गेला असेल, तर नालीचेच पाणी दुसऱ्या दिवशी हंड्यात येते. यात घरच्या बाईचा काय दोष?

परतवाडा-अचलपुरातून बिच्छन वाहते. तिच्यातली घाण पूर्णेला, चांगदेवजवळ तापीला आणि सुरतेपुढे अरबी समुद्राला जाते. वाटेतली गावेही तेच पाणी वापरतात. म्हणून नालीत पन्नी टाकायची नाही, हे आपले काम. नळाचे पहिले पाणी सोडून द्यायचे, पिण्याचे उकळायचे. लेकराला हगवण लागली, तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजायचे आणि दवाखान्यात न्यायचे.

पण पाइप नालीबाहेर काढणे आणि उपसलेला गाळ उचलून नेणे हे नगरपालिकेचे काम. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा व सार्वजनिक स्वच्छता नगरपालिकांच्या कामांत लिहिली आहे.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी गेले. त्या हक्कात स्वच्छ पाणीही आले. आपल्या गल्लीत पाइप कुठे नालीतून जातो, ते पाहून या. रविवारी वंदनेनंतर विहारात बसून अर्ज लिहू.

जय भीम!