सल्लागाराचीही सही हवी

आखातात निघालेल्या सुताराला दलालाने किती लुबाडावे, याला निदान कागदावर तरी मर्यादा आहे. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टान्वये नोकरभरती करणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते, बँकेची हमी द्यावी लागते. ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. पण हा कायदा नोकरीपुरता. त्याच सुताराचा मुलगा शिक्षणासाठी कॅनडास निघाला, की तो या छत्राबाहेर पडतो. त्याचा ‘सल्लागार’ कोण, त्याची पात्रता काय, व्हिसा नाकारला गेल्यास फी परत मिळणार का, हे या कायद्यान्वये कोणी विचारीत नाही.

खुद्द कॅनडात हा धंदा मोकाट नाही. तेथे मोबदला घेऊन अर्जदाराचे काम चालवावयाचे तर वकील, क्वेबेक प्रांताचा नोटरी किंवा २०२१ साली सुरू झालेल्या सल्लागारांच्या नियामक संस्थेचा सभासद असावे लागते. परंतु जालंधरच्या किंवा मडगावच्या दुकानापर्यंत त्या संस्थेचा हात पोहोचावा कसा? २०२३ साली बनावट प्रवेशपत्रांपायी पंजाबी विद्यार्थ्यांवर हद्दपारीची तलवार लटकली. पत्र खोटे असल्याचे कित्येकांना कायम वास्तव्याचा अर्ज करताना कळले! त्या प्रकरणातील एका सल्लागाराला २०२४ साली शिक्षा झाली ती कॅनडाच्या न्यायालयात, आणि तीही तो स्वतः त्या देशात शिरू पाहताना सापडला म्हणून. पंजाबात असल्या व्यावसायिकांना परवाना सक्तीचा करणारा कायदा तोवर दहा वर्षांचा झाला होता, हेही विसरून चालणार नाही.

गोमंतकाला हा प्रश्न परका नाही. आखात, जहाजे, लिस्बनमधील जन्मनोंदणी यांच्या आधारावर येथील कित्येक घरे उभी आहेत, आणि प्रत्येक वाटेवर मध्यस्थ बसलेला आहे. त्यांतले सारेच लबाड नव्हेत. सचोटीच्या माणसांना नियमनाचे भय वाटण्याचे कारण नाही. गोवा विधानसभेने यासाठी कायदा करावा, अशी आमची मागणी आहे. मात्र भिंतीवर टांगावयाच्या परवान्याने भागणार नाही. फीचा लेखी करार, ती परत करण्यासाठी सरकारजमा अनामत आणि दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत अशिलाच्या हाती, एवढे तरी हवेच. आज सल्लागार पडद्याआड राहतो, अर्जाखाली सही मुलाची असते, आणि खोटेपणाचा ठपका सही करणाऱ्यावर येतो. त्या मुलाला दिलेल्या करारावर परवान्याच्या क्रमांकासह सल्लागाराचीही सही असलीच पाहिजे.