अंगावर काढण्याविरुद्ध

दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडे सद्गुण समजला जातो. या सद्गुणाच्या मी पूर्ण विरोधात आहे. तुम्ही म्हणाल, हे शहाणपण कुठून सुचलं? तर एका ॲक्सोलोटलकडून.

हसू नका. हा प्राणी मूळचा मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्कोच्या तळ्यातला. नात्याने बेडकाचा चुलतभाऊ. वीतभर लांबी, चार आखूड पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तीन-तीन तुरे आणि तोंडावर कायमचं हसू. बेडूक वयात आला की कल्ले टाकून जमिनीवर येतो. हे चिरंजीव म्हातारे झाले तरी पाण्यातच. पाय तुटला तर नवा फुटतो. पुतण्याने हा प्राणी पुण्याहून परभणीला आणला, सरकारदरबारी त्याची रीतसर नोंद केली आणि स्वतः इंजिनिअरिंगला निघून गेला. पुतण्याने पाळायचं आणि काकाने सांभाळायचं, हा निसर्गनियमच आहे.

आता या पाहुण्याला पाणी लागतं १६ ते १८ अंशांचं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे खरं असलं तरी हवेच्या बाबतीत आमचा जर्मनीशी काही संबंध नाही. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे गेला तरी कोणी मान वर करून बघत नाही.

एप्रिलमध्येच त्याने खाणं सोडलं.

"एकादशी असेल," आई म्हणाली.

"मासाच हाय की! त्याला कामून डॉक्टर करायलाव?" शेजारचे काका म्हणाले. मासा नाही हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. त्यांनी हळद सुचवली, त्यांच्या सुनेने मीठ सुचवलं, आणि समोरच्या मास्तरांनी स्वतःच्या तापाची उरलेली गोळी आणून दिली. मी मात्र संयमी माणूस. मी म्हणालो, "बघू दोन दिवस." आपल्या भाषेतलं हे सर्वांत घातक वाक्य आहे.

दोन दिवसांत कल्ल्यांचे तुरे पुढे वळले. शेपटीच्या टोकाला आकडा पडला. तिसऱ्या दिवशी एका तुऱ्यावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली. ही सगळी त्याची हाक मारायची रीत होती. पण मी बघत होतो त्याचं तोंड, आणि तोंडावर हसू तसंच! त्याची जिवणीच तशी घडलेली आहे. तो मेला असता तरी हसतमुखच मेला असता.

आणि तिथे मला अण्णा आठवले. माझे वडील. चार दिवस छातीत दुखत असताना "पित्त आहे" म्हणून सोडा पीत राहिले, आल्यागेल्याशी हसून बोलत राहिले. पाचव्या दिवशी गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण कौतुकाने म्हणाला, "शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही हो!" मीही मान हलवली. आज मी म्हणतो, करायला हवं होतं. मोठ्याने करायला हवं होतं. आणि ते करत नव्हते तर आम्ही बघायला हवं होतं.

आमच्या परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हैस चारा खाईना झाली की शेतकरी धावत सुटतो. "म्हैसच ती" असं त्याला कोणी म्हणत नाही. कारण म्हैस दूध देते. आपल्याकडे जो दूध देतो त्याचंच दुखणं खरं, बाकीच्यांची एकादशी!

मी ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोटो पाठवले. ते म्हणाले, "असा प्राणी मी आजवर पाहिला नाही. पण पाणी मोजलंत का?" मोजलं. २९ अंश. अमोनिया शून्य हवा, तो भरपूर. कारण गुन्हेगार मीच होतो. आठवड्यापूर्वी स्वच्छतेच्या झटक्यात मी गाळणीचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला होता. त्यातले घाण पचवणारे उपकारक जंतू नळाच्या क्लोरीनने मेले आणि बिचारा स्वतःच्याच मुतात बसला. हळद, मीठ, गोळी यांतलं काही त्याला घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याची कातडीच औषध शोषून घेते, त्यामुळे चुकीचं औषध म्हणजे विषच. मग त्याला वेगळ्या टबात, अंधाऱ्या गार खोलीत ठेवलं. क्लोरीन उतरवलेलं पाणी रोज पूर्ण बदललं. बर्फाच्या बंद बाटल्या सोडून ते हळूहळू गार केलं. रोज एक फोटो डॉक्टरांना. औषध लागलं तर ते सांगतील तेच.

सातव्या दिवशी त्याने गांडूळ गिळलं. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारचे काका धावत आले.

आई दारात उभी राहून सगळं बघत होती. आठवडाभर तिने मला वेड्यात काढलं होतं. ती हळूच म्हणाली, "त्या डॉक्टरांना नको, पण कुणालातरी मलाही दाखव बाबा. महिना झाला, जिना चढताना धाप लागते."

"आणि बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं?"

तेव्हा मी रिक्षा बोलवायला गेलो. उद्या नाही, दोन दिवस बघून नाही. त्याच पावली.