आडोसा कोणाचा?

दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यामध्ये भिंत नको, पडदाही नको; तेथे पाणवनस्पतींनी भरलेले पाच-सहा फुटी अ‍ॅक्वेरियम हवे, ही हौस आता दुर्मीळ राहिलेली नाही. तिचे समर्थन बहुधा दोनच शब्दांनी केले जाते: ‘मोकळेपणा’ आणि ‘निसर्ग’. आमचा आक्षेप हौसेला नाही, या दोन शब्दांना आहे. शब्दांच्या अशा सैल वापराविषयी संशय बाळगावा असे आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. तो संशय पुस्तकाबाहेर पडून घरातील वस्तूंपर्यंत पोहोचू नये, असा काही नियम नाही.

प्रथम ‘मोकळेपणा’. दोन जागांमध्ये काही उभे करायचे ते आडोशासाठी. मराठी घराला ही गरज पूर्वापार ठाऊक आहे. ओटी आणि माजघर यांमधली भिंत, दाराशी सोडलेला चिकाचा पडदा, चाळीतल्या एकुलत्या खोलीत दोरीवर टाकलेले जुने लुगडे, या साऱ्यांचे काम एकच: कोणाला तरी काही काळ न दिसण्याची मुभा देणे. (ही मुभा पुष्कळदा सक्तीही होती, हे माजघराचा इतिहास जाणणाऱ्यांस सांगणे न लगे.) आता स्वच्छ पाणी आणि दोन काचा काही आडोसा देत नाहीत. तो देतात वनस्पती, आणि त्याही दाट वाढल्या तरच. म्हणजे मोकळेपणा येतो टाकीच्या रिकामेपणातून आणि आडोसा येतो तिच्या दाटीतून. दोन्ही एकाच वेळी पुरेपूर मागणारा माणूस टाकी मागत नसतो, जाहिरातीतले चित्र मागत असतो.

त्या चित्रात वजन दिसत नाही. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे ६८० किलो. काच, माती, दगड आणि खालचा सांगाडा धरला तर हा आकडा टनाच्या जवळ जातो. आणि हे सारे जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर उभे राहते. भारतीय मानकानुसार राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरला जातो. तो आकडा सबंध खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्याने स्लॅब तत्काळ कोसळेल, असा याचा अर्थ नव्हे. परंतु भिंतीलगत तुळईच्या आधाराने ठेवलेली टाकी वेगळी आणि खोलीच्या मधोमध उभी केलेली टाकी वेगळी. आणि दुभाजक व्हायचे तर मधोमधच यावे लागते. तेथे सजावटकाराचा शब्द पुरत नाही, इमारतीचे नकाशे तपासणारा स्थापत्य अभियंता लागतो.

आता ‘निसर्ग’. पाणवनस्पतींच्या आधुनिक टाकीला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली ती जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी. आपल्या शैलीला त्यांनी ‘नेचर अ‍ॅक्वेरियम’ असे नाव दिले. पण त्या टाक्या नीट पाहिल्या तर तेथील निसर्ग सापडलेला नसून रचलेला आहे, हे उघड होते: पुढे ठेंगणे गवत, मध्ये दगड वा वाळलेली मुळे, मागे उंच देठांच्या वनस्पती, आणि या साऱ्यांतून निर्माण होणारा खोलीचा आभास. ही रचना समोर उभ्या असलेल्या एका प्रेक्षकासाठी असते. अमानो यांच्या कंपनीने २००१ मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत परीक्षण होते तेही समोरून काढलेल्या छायाचित्राचे. अशा छायाचित्रापुरत्या नळ्यासुद्धा पाण्याबाहेर काढून ठेवतात. यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. रंगभूमीलाही विंग असते.

दुभाजक टाकीला मात्र विंग नसते. तिला पाठच नाही, दोन्ही बाजू दर्शनी. म्हणून मासिकातली रचना तेथे जशीच्या तशी उतरवली की दिवाणखान्याला बाग दिसते आणि जेवणाऱ्यांना सावलीत पाने गळालेले उघडे देठ. अशा टाकीची रचना मुळातून निराळी हवी. मधोमध लांबवर दगड-लाकडांचा कणा, त्यावर उंच वनस्पती, दोन्ही काचांकडे उतरत जाणाऱ्या ठेंगण्या. आणि नळ्या, गाळणी, कार्बन डायऑक्साइडची जोडणी या साऱ्यांसाठी एक आखूड बाजू राखून ठेवलेली. एका संहितेला दोन दिशांनी येणारे दोन वाचक आहेत, हे जाणून केलेली ही रचना असते.

या कण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. भिंतीलगतच्या टाकीत माशाला निदान एक बाजू निर्धोक वाटते. दुभाजकात दोन्हीकडून माणसे येत-जात असतात, दिवे लागत-विझत असतात. लपायला जागा नसेल तर मासे बुजतात, फिके पडतात, अन्न टाकतात. आपल्या आडोशासाठी दुसऱ्या जिवाचा आडोसा काढून घ्यायचा आणि त्याला मोकळेपणा म्हणायचे, हा व्यवहार आम्हाला अमान्य आहे. ‘मासे दिसतच नाहीत’ अशी पाहुण्यांची तक्रार आली तर यजमानाने ती शाबासकी समजावी.

येथे दुसरा पक्ष उठून म्हणेल की मग हा सुखवस्तू चाळाच नको. त्याच्या हाती पुरावा आहे. फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ १८५४ मध्ये निघाले आणि इंग्लंडात घरोघरी समुद्र आणण्याचे वेड पसरले. त्या वेडाने किनाऱ्यावरची खडकांतली डबकी कशी ओरबाडली गेली, हे त्यांचे पुत्र एडमंड यांनी ‘फादर अँड सन’मध्ये (१९०७) खेदाने नोंदवले. आपल्याजवळचे उदाहरण डेनिसन बार्बचे. केरळ-कर्नाटकातील ओढ्यांत राहणाऱ्या या माशाची नोंद फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये केली. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले. आज तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे आणि शोभेच्या माशांचा व्यापार हे त्याचे एक कारण आहे. आक्षेप खरा, निष्कर्ष मात्र घाईचा. दोष काचेचा नाही, मासा कोठून आला हे न विचारण्याचा आहे. पैदास केंद्रातला मासा घ्यावा. साताऱ्याकडच्या सड्यांवर पावसाळ्यात फुलणारा वायतुरा तेथेच पाहावा, उपटून आणू नये.

उरतो वेळ आणि श्रम. नव्या टाकीतील अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात; तोवर मासे सोडणे म्हणजे त्यांना विषात सोडणे. पुढे देठांची छाटणी, काचेवरचे शेवाळ, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले तर सव्वादोनशे लिटर: पंधरा लिटरच्या पंधरा बादल्या ओतायच्या आणि तितक्याच भरायच्या. त्या घरकामाच्या बाईंनी उचलायच्या असे आधीच मनात ठरले असेल, तर ‘निसर्गाच्या सान्निध्या’वर बोलण्याचा अधिकार यजमानाला नाही. स्वतः उचलायच्या असतील तर टाकी जरूर बसवावी. भिंतीऐवजी रोजचे एक काम घरात येईल, आणि ते करण्यासारखे आहे.