फाशी द्या म्हणण्यापूर्वी



एखाद्या खुनाची किंवा लेकीबाळीवरच्या अत्याचाराची बातमी गावात आली की पारावर, एस.टी.त, पिठाच्या गिरणीत एकच वाक्य ऐकू येते : ‘असल्यांना भर चौकात फाशी द्या.’ हा राग खोटा नाही. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याचे दुःख दुसऱ्याने मोजू नये. पण फाशीचा इतिहास जाणून घेतल्याशिवाय मत पक्के करू नये, म्हणून आज खत-बियाणे बाजूला ठेवून त्याविषयी लिहितो.

इंग्लंडात १७४१ साली असा कायदा झाला, की मेंढी चोरणाऱ्याला फाशी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. घरातून चाळीस शिलिंगांचा माल उचलला तरी फाशी. तीही लोकांसमोर. पाहायला जत्रा लोटे आणि त्या गर्दीत खिसेकापू खुशाल हात मारीत!

मग चोऱ्या थांबल्या का? नाही. उलट निकाल देणाऱ्या पंचांना दया येई. ते मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवीत, नाहीतर चोराला साफ सोडून देत. १८३० साली तर खुद्द बँकवाल्यांनीच पार्लमेंटकडे अर्ज केला, की खोट्या दस्तऐवजाची फाशी काढून टाका. तिच्यापायी पंच कुणाला दोषीच ठरवीत नाहीत आणि आमचे नुकसान होते. १८३२ साली मेंढ्या, घोडे, गुरे यांच्या चोरीची फाशी गेली. १८६८ साली चौकातली फाशी बंद झाली. पुढे १९६५ साली खुनाचीही फाशी थांबवली आणि १९६९ साली ती कायमची रद्द केली.

यातून काय घ्यायचे? कुंपणाचे काटे किती मोठे हे शेतकरी नंतर पाहतो, कुंपणाला भगदाड नाही ना हे आधी पाहतो. शिक्षेचेही तसेच आहे. गुन्हेगार सापडणारच, ही खात्री नसेल तर शिक्षा कितीही जबर असून उपयोग थोडा.

आता आपल्या देशाचे पाहू. १८६० च्या दंड संहितेत खुनाला फाशी किंवा जन्मठेप होती. १९५५ पर्यंत फाशी दिली नाही तर न्यायाधीशाला त्याचे कारण लिहावे लागे. १९७३ च्या नव्या प्रक्रिया संहितेने हे उलटे केले : फाशी द्यायची तर खास कारण लिहा. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनेला धरून आहे असे सांगितले, पण ती विरळातल्या विरळ प्रकरणातच द्यावी, असे बंधन घातले. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या भगवतींचे मत विरुद्ध पडले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही फाशी आहे. मात्र सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही, आणि शेवटी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करता येतो.

जाणत्यांतही एकमत नाही. १९६७ साली कायदा आयोगाने फाशी ठेवावी असे सांगितले. २०१५ साली त्याच आयोगाने दहशतवाद सोडून बाकी गुन्ह्यांची फाशी काढावी, अशी शिफारस केली. ठेवा म्हणणारे विचारतात, मेलेल्याला न्याय कसला? काढा म्हणणारे विचारतात, चूक झाली तर?

हा दुसरा प्रश्न आपल्याच राज्यातला आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००६ साली फाशी सुनावली गेली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरवली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले! वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. ते बाजूलाच राहिले होते. प्रत्येकी पाच लाख भरपाई देण्याचा हुकूम झाला. पण तोवर उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. आणि त्या वस्तीवरच्या घराला तरी न्याय कुठे मिळाला?

तण समजून उपटलेले रोप पुन्हा लावून जगत नाही. म्हणून माझे मत फाशीच्या विरुद्ध पडते. जन्मठेपेत चूक निदान काही अंशी सुधारता येते. तुमचे मत वेगळे असू शकेल. पण पुढच्या तीन गोष्टी दोन्ही मतांच्या माणसांनी पाळाव्यात.

पंच म्हणून बोलावले तर कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. पंचनामा वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

साक्ष देताना पाहिले तेवढेच सांगा. ‘तोच असेल’ आणि ‘तोच होता’ यांत एका माणसाच्या जिवाचे अंतर आहे.

घरचे माणूस अटकेत असेल आणि वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे जा. अटकेतल्या माणसाला फुकट वकील मिळणे हा त्याचा हक्क आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमाती यांनाही तो उत्पन्न न पाहता मिळतो.

गुन्हेगाराला शिक्षा व्हावीच. पण ती त्यालाच व्हावी, एवढे पाहणे आपल्या साक्षीवर आणि सहीवरही अवलंबून आहे.